पुण्यात मुक्त सॉफ्टवेअरचा गट काढताय? मूल्यं आधी लिहा, नाव नंतर ठेवा

आमच्या गटाच्या पहिल्या इन्स्टॉल-दिवसाला कोथरूडहून एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी पिशवीतून जुना लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला, मागचा बॅनर वाचला आणि विचारलं, "हे फ्री म्हणजे फुकट का?" टेबलापाशी आम्ही तिघं होतो. एक जण म्हणाला, "हो काका, फुकट." दुसरी म्हणाली, "फुकट नाही हो, मुक्त." मी म्हणाले, "याला ओपन सोर्स म्हणतात." काकांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमचं आधी ठरू दे, मग मला सांगा."

त्यांच्या लॅपटॉपवर त्याच दुपारी डेबियन बसलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. त्यांच्या प्रश्नाचं एकमुखी उत्तर द्यायला मात्र आम्हाला पुढचे आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आम्ही नाव एकदा बदललं, डोमेन एकदा गमावलं आणि दुसऱ्या एका गटाशी नावावरून कटुता ओढवून घेतली. यातलं बरंचसं टाळता आलं असतं. तुम्ही कॉलेजात क्लब काढत असाल किंवा नोकरी सांभाळून चार मित्रमैत्रिणींना जमवत असाल, तर खालच्या क्रमाने जा.

सुरुवातीला एवढं जवळ असू द्या:

- बैठकीचं इतिवृत्त लिहायला एक वही. प्रत्येक ठरावाखाली हजर असलेल्यांच्या सह्या
- गटाचा स्वतंत्र ईमेल, कोणाचाही वैयक्तिक नको
- कोडबर्ग किंवा गिटलॅब अशा कोड ठेवायच्या संकेतस्थळावर गटाच्या नावाचं खातं, किमान दोन ॲडमिन असलेलं
- मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांची (ती खाली दिली आहेत) मराठीत छापलेली एक प्रत
- नाव, डोमेन आणि पासवर्ड यांची जबाबदारी घ्यायला तयार असलेली दोन माणसं

## १. नवा गट काढण्याआधी जुन्यात बसून या

पुण्यात हे काम आज सुरू होत नाहीये. पुणे ग्नू/लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे सगळे ज्याला 'प्लग' म्हणतात तो, कित्येक वर्षं आहे. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' भरत आलंय. फेडोरा या लिनक्सच्याच आणखी एका सिस्टिमची 'फडकॉन' परिषद २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली आणि २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच, एमआयटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा स्वतःचा फ्री सॉफ्टवेअर यूजर्स ग्रुप आहे.

आधीच्या मंडळींच्या दोन-तीन बैठकांना जाऊन मागच्या बाकावर बसा. तुम्हाला जे करायचंय ते तिथेच करता येत असेल, तर नव्या नावाची गरजच नाही, आणि मला तरी तोच मार्ग जास्त आवडतो. वेगळा गट काढायचं ठरलं, तरी त्या लोकांना आधी भेटून सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं. पहिलं पोस्टर लागल्यावर त्यांना कळलं, आणि ते अवघडलेपण जायला वर्ष गेलं.

## २. पहिल्या बैठकीत नावाचा विषय काढू नका

नाव सुचवायला सगळ्यांना मजा वाटते. तासाभरात फळा भरतो, मतदान होतं, कोणीतरी तिथल्या तिथे डोमेन घेतं. मग तीन महिन्यांनी कळतं की एकाला फक्त लिनक्स शिकायचं होतं, दुसरीला सरकारी कार्यालयात मुक्त फाइल-फॉरमॅट यावेत असं वाटत होतं आणि तिसऱ्याला नोकरीसाठी ओळखी हव्या होत्या. तिन्ही कारणं प्रामाणिक आहेत. पण ती एका नावाखाली न बोलता एकत्र राहत नाहीत.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला अर्धा कागद द्या आणि "मी इथे का आले किंवा आलो" एवढंच लिहायला सांगा. मग चार स्वातंत्र्यं मोठ्याने वाचा. यांची मोजणी शून्यापासून होते. शून्य: प्रोग्रॅम कोणत्याही कारणासाठी चालवता यावा. एक: तो कसा चालतो हे अभ्यासून बदलता यावा. दोन: त्याच्या प्रती इतरांना देता याव्यात. तीन: आपण बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात. स्वातंत्र्य एक आणि तीन यांना सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हातात असावाच लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं, आणि या विचाराला कायद्याची भाषा देणारा जीपीएल परवाना १९८९ मध्ये आला.

'ओपन सोर्स' हा शब्द फेब्रुवारी १९९८ चा. क्रिस्टीन पीटरसन यांनी तो सुचवला आणि त्याच महिन्यात ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन झालं. त्यांची व्याख्या डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर निकषांवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे दोन्ही बाजू मान्य करतात ते परवाने जवळजवळ सारखेच. फरक कारणात आहे. एक बाजू म्हणते, वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य हा न्यायाचा प्रश्न आहे. दुसरी म्हणते, अशा पद्धतीने सॉफ्टवेअर चांगलं बनतं. तुमच्या गटातले बहुतेक जण दोन्ही मानत असतील, पण त्यातलं पहिलं कोणतं हे विचाराच.

हे बोलून कळत नाही, प्रसंग समोर ठेवला की कळतं. आम्ही आता नव्या लोकांसमोर हा प्रसंग ठेवतो: इन्स्टॉल-दिवसाला एक मुलगी आली. डेबियन बसलं, पण वायफाय चालत नाही, कारण त्या चिपला बंदिस्त फर्मवेअर लागतं, म्हणजे चिप चालवणारं पण उघडून बदलता न येणारं सॉफ्टवेअर. तिच्या घरी केबलचं इंटरनेट नाही. फर्मवेअर टाकून द्यायचं का?

आमच्याकडे यावर दोन बैठका गेल्या. एक जण म्हणाला, "टाकून दिलं तर आपण बॅनरवर खोटं लिहिलंय." दुसरी म्हणाली, "नाही दिलं तर ती उद्या सगळं पुसून परत विंडोज टाकेल." हा वाद फक्त आमचा नाही. खुद्द डेबियन बनवणाऱ्या स्वयंसेवकांनी २०२२ मध्ये यावर मतदान घेतलं, आपली मूल्यं सांगणाऱ्या 'सामाजिक करारा'तल्या मजकुरात बदल केला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर यायला लागलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आजही फक्त पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमांचीच शिफारस करतं. जाणती माणसं दोन्हीकडे आहेत. आम्ही असं ठरवलं की फर्मवेअर द्यायचं, पण काय टाकलं आणि ते मुक्त का नाही हे कागदावर लिहून तिच्या हातात द्यायचं. तुमचं उत्तर वेगळं असेल तर असू दे, फक्त ते लिहिलेलं असू दे.

## ३. मराठी शब्द पारखून घ्या

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात फुकट आणि स्वतंत्र दोन्ही आहे, म्हणून तिकडे आयुष्यभर खुलासे करावे लागतात. आपल्याला वाटतं मराठीत ही अडचण नाही, 'मुक्त' म्हटलं की झालं. पण प्रत्येक शब्दाला स्वतःचं वळण आहे.

'मोफत' आणि 'फुकट' बाजूला ठेवा. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येतं. शिवाय फुकट मिळणारी बहुतेक ॲप मुक्त नसतात.

'स्वतंत्र' चांगला वाटतो, पण मराठीत त्याचा रोजचा अर्थ 'वेगळा' असा आहे: स्वतंत्र खोली, स्वतंत्र मीटर, स्वतंत्र प्रवेशद्वार. 'स्वतंत्र सॉफ्टवेअर' ऐकल्यावर आमच्या एका सभासदाच्या आईला वाटलं की हे दुसऱ्या कशाशी न जोडता चालणारं काहीतरी आहे.

'खुलं' हा शब्द दार उघडं असल्यासारखा आहे. आत येता येतं, पण आत आल्यावर काय करायची मुभा आहे ते तो सांगत नाही. सोर्स कोड नुसता वाचायला ठेवलेला असला, तरी लोक त्याला खुला म्हणतात.

राहिला 'मुक्त'. विकिपीडिया मराठीत स्वतःला 'मुक्त ज्ञानकोश' म्हणवतो, आणि तिथे मूळ इंग्रजी शब्द 'फ्री' आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि तिथे मूळ इंग्रजी शब्द 'ओपन' आहे. म्हणजे मराठीने दोन्ही शब्द केव्हाच एका घरात आणून ठेवलेत. मला ही आपली श्रीमंती वाटते. पण याचाच अर्थ असा की नुसतं 'मुक्त' लिहून तुमची भूमिका कळत नाही, खाली एक ओळ खुलाशाची लागते.

आणखी एक जपा. 'मुक्त' दुसऱ्या शब्दाआधी आला तर विशेषण असतो, त्याच्या शेवटी जोडला तर अर्थ उलटतो: तंटामुक्त गाव, कर्जमुक्त शेतकरी. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाने पोस्टरवर 'सॉफ्टवेअरमुक्त शाळा' असं लिहिलं होतं. छापायच्या आदल्या रात्री लक्षात आलं.

सगळा विचार करून आम्ही 'मुक्त सॉफ्टवेअर' घेतलं आणि 'ओपन सोर्स'साठी 'मुक्तस्रोत' ठेवलं. टेबलावर सांगायचं वाक्य असं ठरलं: "मुक्त म्हणजे वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि वाटायला मोकळं. किंमत शून्य असेल किंवा नसेल." आता काकांना तिघंही हेच सांगतील.

## ४. मूल्यं एका पानात बसवा

एका पानाहून मोठं झालं तर कोणी वाचत नाही. डेबियनचा सामाजिक करार १९९७ चा आहे, त्यात पाच मुद्दे आहेत, आणि एवढा पसारा आजही त्यावर चालतो. नमुना म्हणून तो वाचा, पण उतरवून काढू नका. दुसऱ्याचं पत्रक भाषांतर करून लावलं की ते भिंतीवर राहतं, भांडणाच्या वेळी कोणाला आठवत नाही.

आमच्या पानावर कोणते प्रश्न सुटले आहेत, ते सांगते:

- गट कोणतं सॉफ्टवेअर शिकवेल आणि कोणतं शिकवणार नाही
- गट स्वतःच्या कामासाठी काय वापरेल. आमच्या बैठका जित्सी या मुक्त व्हिडिओ-कॉल सॉफ्टवेअरवर होतात. व्हॉट्सॲपवर फक्त निमंत्रण जातं, निर्णय तिथे होत नाहीत
- गटाचं साहित्य कोणत्या परवान्याखाली जाईल. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश-समवितरण घेतला, म्हणजे श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा
- कंपनीने चहापाण्याचे पैसे दिले तर बदल्यात काय मिळेल, काय मिळणार नाही
- एकमेकांशी कसं बोलायचं, आणि तक्रार कोणाकडे करायची

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण गट यावरच मोडतात. "सर्वांशी आदराने वागावे" एवढं लिहून भागत नाही. तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं लिहा, त्यातली एक तरी स्त्री असू दे, आणि तक्रार त्या दोघांपैकीच एकाबद्दल असेल तर काय, तेही लिहा. ग्नू प्रकल्पाने २०१८ मध्ये काढलेली सौहार्दाने बोलण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणि अनेक प्रकल्प वापरतात तो 'काँट्रिब्युटर कव्हेनंट', हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात समजावण्यावर भर आहे, दुसऱ्यात कारवाईवर. आमच्या बैठकीला पहिल्यांदा आलेल्या एका मुलीला कोणीतरी विचारलं होतं, "तुला टर्मिनल जमेल का?" तिने उत्तर दिलं नाही आणि पुन्हा आली नाही. त्या पानावर आता एक ओळ आहे: कोणाला काय येत नाही असं गृहीत धरून प्रश्न विचारायचा नाही.

## ५. आता नाव

नावाचे साधारण तीन तुकडे असतात: जागा, विषय आणि रूप. पुणे, मुक्त सॉफ्टवेअर, मंडळ. प्रत्येक तुकडा काहीतरी कबूल करत असतो.

जागा लिहिली की तुम्ही त्या जागेच्या वतीने बोलता असं लोक धरतात. चार जणांनी 'महाराष्ट्र' लावू नये. 'पुणे' लावतानाही बघा की आधीच्या गटाच्या नावाशी गल्लत होते का. पेठ, उपनगर किंवा कॉलेज लावलं तर नाव खरं राहतं.

विषयात 'लिनक्स' लिहायचं की 'ग्नू/लिनक्स', हा जुना प्रश्न आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलं ते कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याच्याभोवतीचा कंपायलर, शेल, मूळ आज्ञा हे बरंचसं ग्नू प्रकल्पातून आलं. ज्यांना ते श्रेय आणि त्यामागचा विचार नावात हवा असतो, ते ग्नू/लिनक्स लिहितात. पुण्याचा जुना गट तसंच लिहितो. मीही तसंच लिहिते. पण तुमच्या गटात मोबाइल, विकी किंवा नकाशांचंही काम होणार असेल, तर नावात ऑपरेटिंग सिस्टिम आणूच नका.

मूल्यच नावात घालायची रीत पुण्याला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये इथेच संस्था काढली आणि तिचं नाव सत्यशोधक समाज ठेवलं. जागा नाही, व्यक्ती नाही, फक्त काय करायचं ते. हैदराबादच्या गटाने 'स्वेच्छा' हे नाव घेतलं. लोहित या फाँटच्या नावाचा अर्थ लाल, कारण तो 'रेड हॅट' या कंपनीने काढला. असे छोटे, आपल्या भाषेतले शब्द शोधायला वेळ द्या.

मग नाव मोठ्याने म्हणून बघा. आमची परीक्षा अशी आहे: कॉलेजच्या फाटकावरच्या रखवालदारदादांना नाव एकदा सांगायचं आणि त्यांनी ते रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते बघायचं. आमचं पहिलं नाव, सात इंग्रजी अक्षरांचं लघुरूप, दादांनी तीन वेळा विचारलं आणि शेवटी 'कॉम्प्युटरवाले' लिहिलं. दुसरं नाव त्यांनी पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं.

## ६. ते नाव दुसऱ्याचं तर नाही ना?

सापळा असा आहे की परवाना मुक्त असला म्हणजे नावही मुक्त आहे असं वाटतं. तसं नसतं. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचं सातवं कलम स्पष्ट म्हणतं की कोडचा हक्क देताना ट्रेडमार्कचा हक्क राखून ठेवता येतो. 'लिनक्स' हा टोरवाल्ड्स यांचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. लिनक्स फाउंडेशन त्याचा उपपरवाना विनाशुल्क देतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदांचं 'पायकॉन' हे नाव पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं आहे, आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाचं नाव गटाला लावायचं तर त्यांच्याकडून आधी मान्यता घ्यावी लागते. बहुतेक प्रकल्प स्थानिक गटांना आनंदाने परवानगी देतात, पण अटी वाचा आणि उत्तर जपून ठेवा.

मोठेही इथे अडखळलेत. फायरफॉक्स ब्राउझरचं पहिलं नाव फिनिक्स होतं. ट्रेडमार्कमुळे ते बदलून २००३ मध्ये फायरबर्ड केलं. पण फायरबर्ड नावाचा एक मुक्त डेटाबेस आधीच होता आणि त्या मंडळींना हे लागलं. मग फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स आलं. पहिली धडक कंपनीशी होती, दुसरी आपल्याच लोकांशी. दुसरी जास्त दुखते, हे मी अनुभवाने सांगते. पुढे २००६ मध्ये मोझिलाच्या नावाच्या अटी डेबियनला जमेनात, म्हणून त्यांनी तोच ब्राउझर 'आइसवीझल' नावाने दिला. ते २०१६ मध्ये मिटलं.

शोध घ्यायच्या जागा:

- भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीचा सार्वजनिक शोध. शिक्षण-प्रशिक्षणासाठी वर्ग ४१, सॉफ्टवेअर सेवांसाठी वर्ग ४२ बघा
- कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपन्यांची नावं
- गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग, मॅस्टोडॉन, टेलिग्राम
- डोमेन: डॉट इन आणि देवनागरीतलं डॉट भारत, दोन्ही
- रोमन लिपीतल्या सगळ्या शक्य स्पेलिंगा. 'मुक्त' एकटाच तीन-चार प्रकारे लिहिला जातो

नाव जुळलं म्हणून लगेच घाबरू नका. 'प्लग' ही चार इंग्रजी अक्षरं पुण्याखेरीज पोर्टलंड, फिनिक्स, फिलाडेल्फिया आणि फिलिपिन्सच्या गटांनीही वापरली आहेत. गाव वेगळं, काम एकच, कोणी कोणाचा ग्राहक पळवत नाही. अडचण येते ती एकाच गावात, किंवा मूल्यं वेगळी असताना.

## ७. सारखं नाव वापरणाऱ्यांशी एक पान लिहून घ्या

आमची कटुता इथली. एका कॉलेजातल्या मुलांनी आमच्या नावापुढे कॉलेजचं नाव जोडून शाखा काढली. आम्ही खूश झालो, पोस्टरवर मिरवलंही. सहा महिन्यांनी त्याच नावाने त्यांनी एका बंदिस्त सॉफ्टवेअरचं पैसे भरून करायचं प्रमाणपत्र-शिबिर लावलं. फोन आम्हाला यायला लागले. आम्ही चिडून बोललो, मुलं दुखावली, आणि त्यांचं एक वाक्य मला आजही बरोबर वाटतं: "ताई, तुम्ही सांगितलं कधी होतं?" आमच्याकडे खरंच काही लिहिलेलं नव्हतं.

जगात याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत नाव एक, संस्था वेगळ्या: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अमेरिकेत, २००१ पासून युरोपात आणि भारतात, २००५ पासून लॅटिन अमेरिकेत. चौघी बहिणी, पण प्रत्येकीचा कारभार आणि हिशेब स्वतःचा. दुसऱ्या रीतीत नावं वेगळी, छत्र एक: २०१० मध्ये झालेली फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट ऑफ इंडिया तशी आहे, राज्याराज्यांतले गट आपापलं नाव ठेवून तिच्यात आहेत. पालखीबरोबरच्या दिंड्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक दिंडीचं नाव, फड, स्वयंपाकाचा ट्रक वेगळा. पण चालायचा क्रम ठरलेला असतो, आणि तो कोणी वाटेत बदलत नाही.

छोट्या गटांना मी दुसरी रीत सुचवेन. पहिलीच हवी असेल, तर एवढं तरी लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. आमचा मजकूर उचललात तरी चालेल:

"आमचा गट स्वतंत्र आहे. सोबतचं मूल्यपत्र आम्हाला मान्य आहे. नावापुढे आम्ही आमच्या जागेचं नाव नेहमी लावू. मूल्यपत्राशी न जुळणारा कार्यक्रम या नावाने करणार नाही. एकमेकांच्या वतीने पैसे गोळा करणार नाही किंवा पत्रक काढणार नाही. मतभेद झाल्यास जाहीर बोलण्याआधी समोरासमोर बसू. कोणत्याही बाजूला वेगळं व्हायचं असल्यास ६० दिवसांची सूचना देऊ आणि त्यानंतर नाव वापरणार नाही."

त्या मुलांनी नंतर यावर सही केली.

## ८. चाव्या कोणाकडे?

आमचं पहिलं डोमेन एका मित्राने स्वतःच्या कार्डावर घेतलं होतं. तो शिकायला परदेशी गेला, कार्ड बंद झालं, नूतनीकरणाचे ईमेल त्याच्या जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर जात राहिले. एका सकाळी तिथे भलतीच जाहिरात दिसायला लागली. त्याचा दोष नव्हता, आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

डोमेन गटाच्या ईमेलवर घ्या, शक्य तितक्या जास्त वर्षांसाठी. प्रत्येक खात्याला दोन ॲडमिन. पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, ती फाइल दोघांकडे. दर जूनमध्ये यादी वाचा, कारण शेवटच्या वर्षाची मुलं तेव्हाच बाहेर पडतात.

बोधचिन्ह इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त प्रोग्रॅममध्ये करा, मूळ फाइल गटाच्या कोडबर्ग किंवा गिटलॅब खात्यावर ठेवा. छापखान्यात नेताना अक्षरं बाह्यरेषांत बदलून पीडीएफ द्या. नुसता मजकूर दिला, तर पुष्कळदा तो जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये पुन्हा टाइप होतो. आमच्या पहिल्या सहा फुटी बॅनरवर 'मुक्त'मधला 'क' पाय मोडून वेगळा उभा होता.

## ९. नोंदणी हवीच का?

पहिली दोन वर्षं नको. बँक खातं, देणग्या किंवा मोठी परिषद समोर आली की विचार करा. सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंद होते, आणि दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून चालतात. दुसरा मार्ग कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ चा. त्याला सभासद कमी लागतात, पण दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा खर्च आहे.

सोसायटीसाठी साधारण ही कागदपत्रं तयार ठेवा:

- संस्थेचं विधानपत्र, म्हणजे नाव, पत्ता, उद्देश
- नियमावली
- कार्यकारी मंडळाची यादी आणि प्रत्येकाचं संमतिपत्र
- सभासदांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे
- कार्यालयाच्या जागेचं वीजबिल किंवा करपावती, आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र
- ठरावाची प्रत

उद्देशांत तुमच्या मूल्यपत्राचीच वाक्यं घाला. टायपिंगवाल्याकडचा तयार मसुदा घेतलात, तर उद्देशांत वृक्षारोपणापासून सगळं येईल आणि मुक्त सॉफ्टवेअर शोधावं लागेल. सरकारी आश्रय सुचवणारे शब्द नावात नकोत, १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांचा कायदा त्याला आडवा येतो. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये अर्जावर जसं लिहाल, तसंच अक्षरशः पॅन कार्डावर आणि बँकेत असू द्या. एका काना-मात्रेने महिनाभर हेलपाटे पडतात.

ट्रेडमार्क घ्यायचा तर एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क व्यक्तीला ४,५०० आणि संस्थेला ९,००० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. एका सभासदाच्या नावावर स्वस्तात होतं म्हणून तसं करू नका. डोमेनची गोष्ट आठवा.

## १०. नाव बदलावं लागलं तर

लाज वाटून घेऊ नका. ओपनऑफिस हा पत्रं-हिशेब करायचा मुक्त प्रोग्रॅम-संच चालवणाऱ्या स्वयंसेवकांकडे कोड होता, पण नाव ओरॅकल कंपनीकडे होतं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी डॉक्युमेंट फाउंडेशन जाहीर केलं आणि लिब्रेऑफिस हे नाव घेतलं. आज लोक तेच नाव ओळखतात.

बदलाचा ठराव वहीत घ्या. जुन्या नावाच्या पानावर नवं नाव आणि कारण दोन ओळींत लिहा, कोणावर दोष न टाकता. जुनं डोमेन निदान दोन वर्षं नव्याकडे वळवून ठेवा, नाहीतर दुसरा कोणी ते घेतो. सोबतच्या गटांना जाहीर करण्याआधी कळवा. आणि मूल्यपत्र तेच ठेवा, नावाबरोबर तेही बदललं तर लोकांना तो दुसराच गट वाटतो.

आमचं एक पान आता प्रत्येक इन्स्टॉल-दिवसाला नोंदणीच्या टेबलावर असतं. काम सुरू करण्याआधी नवे स्वयंसेवक ते मोठ्याने वाचतात. मागच्या शनिवारी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी वायफायच्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "ताई, हे वाक्य मला पटत नाही." पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला मुद्दा तोच आहे.